आयुक्तांची नेमणूक
नगराचा मुख्य कारभारी निवडताना नगरवासीयांस तसदी देऊ नये, इतका समंजसपणा १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात असून, आयुक्तांच्या नेमणुकीचा हुकूम सरकारने काढावा आणि नगरसेवकांनी फार तर पाच-अष्टमांश मते जमवून त्यांस दूर करावे, अशी चोख वाटणी त्यात आहे. म्हणजे सोयरीक जुळविण्याचा अधिकार परक्यांचा, काडीमोडाचा तेवढा घरच्यांचा! पुढे ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि प्रशासक या नात्याने आयुक्तच प्रस्ताव मांडू व मंजूरही करू लागले; इतके निर्वेध एकमत त्या सभागृहाने क्वचितच अनुभविले असेल. तात्पर्य, नवे आयुक्त कोण, ही चौकशी करदात्याने करू नये. घरपट्टी मुदतीत भरावी.