रा. रा. क्षयजंतू यांस, मु. फुप्फुस, पो. मणका

सा. न. वि. वि.

पत्र करजगीहून लिहितो आहे. तालुका अफजलपूर, जिल्हा कलबुर्गी. गाव तुम्हाला नवं नाही, पण पत्राचा रिवाज पाळलेला बरा. तुमच्याविषयी इकडे कन्नडमध्ये आणि पलीकडे अक्कलकोटला मराठीत एकच गोष्ट सांगतात: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सल्ला सोळा आणे खरा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ सालचा, त्यावर दोन राज्यं अजून भांडतात, पण तुमच्याबाबत दोन्हीकडची माणसं एकाच निष्कर्षाला आली आहेत, की टीबी म्हणजे खोकला; खोकला नाही तर टीबी नाही. या गैरसमजावर तुम्ही जे साम्राज्य उभं केलंत, त्याबद्दल जाहीर अभिनंदन करावं म्हटलं.

तुमची प्रवासाची सोय मोठी देखणी आहे. कोणी खोकलं की डोळ्यांना न दिसणारे थेंब खोलीत तरंगत राहतात, खिडकी बंद असेल तर तासन्‌तास. श्वासाबरोबर तुम्ही फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशात उतरता. तिथली पहारेकरी पेशी तुम्हाला गिळते. बहुतेक जंतूंची कथा इथंच आटोपते. तुम्ही मात्र तिच्या पोटातच बिऱ्हाड थाटता आणि तिचा पाचकरस अंगावर येऊच देत नाही. घाई कसलीच नाही. आतड्यातले जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, तुम्हाला त्याच कामाला पंधरा-वीस तास लागतात. मग तीच पेशी तुम्हाला घेऊन छातीतल्या गाठींकडे जाते, गाठींतून वाट रक्ताला मिळते, आणि रक्त कुठं जात नाही?

उतरायला मात्र तुम्हाला ऐसपैस जागा लागतात. जिथं प्राणवायू भरपूर, तिथं मुक्काम: फुप्फुसाचं टोक, मूत्रपिंडाचा बाहेरचा थर, मणके, वाढत्या मुलांच्या हाडांची टोकं, मेंदूवरची आवरणं. दहापैकी नऊ जणांत तुम्ही जन्मभर नुसते बसून राहता. उरलेल्या एखाद्याची साखर वाढली, एचआयव्हीनं अंगातली ताकद गेली, नाहीतर ताटातलं अन्न कमी झालं, की उठता. कधी पंधरा-वीस वर्षांनीसुद्धा.

आता एक विचारू? मणक्यात जाऊन तुम्हाला मिळतं काय? फुप्फुसात राहिलात तर खोकल्यावाटे शेजारच्या घरी जाता येतं, वंश वाढतो. मणक्यातून बाहेर पडायला वाटच नाही. मूत्रपिंडात, मेंदूत, गर्भनलिकेत शिरलेले तुमचे बहुतेक भाऊबंद औषधानं मरतात, नाहीतर रुग्णाबरोबर सरणावर चढतात. दुसऱ्या माणसापर्यंत पोचणारा विरळाच. म्हणजे एकाचा कणा मोडायचा आणि आपलीही पिढी तिथंच बुडवायची. आमच्याकडे बांधावरून भावाभावांत असलं चालतं, पण त्यात निदान हातभर जमीन तरी असते!

तरीही तुमचं फावतं, कारण साथ आमची आहे. इथं पाठ दुखणं म्हणजे तुरीचं ओझं उचललं, ऊस तोडला, नाहीतर बाळंतपणात वारं शिरलं. तेल चोळतात, पट्टा बांधतात, हाडवैद्याकडे नेतात. संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं, पण खोकला कुठंय? मधली चकती आणि दोन्ही बाजूंचे मणके तुम्ही पोखरून होईपर्यंत फोटो काढला जात नाही. मग कुबड दिसतं, कधी पायच लुळे पडतात. कुबड आणि पायांतली ही लुळेपणाची बाधा यांचा संबंध लंडनच्या पर्सिव्हल पॉटनं १७७९ साली लिहून ठेवला होता. इजिप्तच्या ममींच्या मणक्यांतही तुमच्या खुणा सापडतात. एवढी जुनी सवय आहे तुमची, आणि आम्ही अजून तेल गरम करतोय.

गर्भनलिकेतला मुक्काम तर तुमचा सर्वांत सुरक्षित. ताप नाही, खोकला नाही, फार तर पाळी कमी येते. नळ्या आतून चिकटून बंद होतात. पुढचं काम आम्ही करतो: सुनेला उपास धरायला लावतो, चारचौघांत ऐकवतो, मुलाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी काढतो. गुन्हा तुमचा, शिक्षा तिला. आणि ज्या घरात न्यायनिवाडा चालतो तिथं तुम्ही पोचलेले असता कदाचित सासूबाईंच्याच जुन्या खोकल्यातून.

मेंदूच्या आवरणात शिरलात की मूल चिडचिडं होतं, डोकं दुखतं म्हणतं, ओकतं, दोन-तीन आठवड्यांत भलतंच बडबडू लागतं. गाणगापूर आमच्याच तालुक्यात, भीमा-अमरजेच्या संगमावर. बाहेरची बाधा उतरवायला तिथं लांबलांबून माणसं येतात. दत्तमहाराजांवर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच म्हणतो, दर्शन घ्यावं आणि तसंच सोलापूर नाहीतर कलबुर्गी गाठावं. कमरेतून पाणी काढून तपासायला जो उशीर होतो त्याची किंमत मूल डोळ्यांनी, कानांनी, बुद्धीनं मोजतं. लहानपणी टोचलेली बीसीजी तुमचा हाच प्रकार, आणि अंगभर राळ्याच्या दाण्यांसारखं विखुरण्याचा दुसरा, पुष्कळ अडवते. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाला तिचं कवच पुरत नाही, हे १९६८ साली मद्रासजवळ चिंगलपटला सुरू झालेल्या चाचणीत दिसलं. तेवढं ऐकून ‘मग टोचायचं कशाला’ म्हणणारे आहेत. त्यांचे आभार तुम्ही वेगळे मानाच.

तुमची कीर्ती नुसती गावठी नाही. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून १८८६ साली डॉक्टर होऊन परतल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूकही ठरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तुम्ही त्यांना नेलंत. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रॉबर्ट कॉखनं बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी तुमचं नाव जाहीर केलं होतं. नाव कळून उपयोग काय, तुम्हाला मारणारं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती लागायला १९४३ उजाडलं.

आता औषधं फुकट आहेत, भीमेच्या दोन्ही काठांवर. फुप्फुसात असाल तर सहा महिने, मणक्यात किंवा मेंदूत असाल तर वर्षभर. टीबीच्या सरकारी नोंदणीचा, म्हणजे निक्षयचा, नंबर एकदा मिळाला की रुग्ण इकडून पुण्याला बांधकामावर गेला तरी तिथं गोळ्या चालू राहतात. खायला-प्यायला महिना हजार रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून. आधी पाचशे होते. तुमची सगळी भिस्त आता दुसऱ्या महिन्यावर आहे. बरं वाटतं, भूक लागते, आणि आमचा गडी गोळ्या फडताळात ठेवून कामावर जातो. तुमच्यातले चिवट उरतात आणि पुढच्या वेळी त्याच गोळ्या पचवून दाखवतात. मुंबईच्या डॉक्टरांनी २०१२ साली सांगितलं होतंच, की काही रुग्णांत तपासलेलं एकही औषध तुमच्यावर चालेना.

असो. मानेतली न दुखणारी गाठ, छातीत झालेलं पाणी, न उतरणारी पाठदुखी, न उजवणारी कूस, या सगळ्यांचा माग काढायचं आम्ही आता ठरवलं आहे. घरातल्या एकाला तुम्ही सापडलात की बाकीच्यांची तपासणी होते, आणि ज्यांच्यात तुम्ही अजून झोपलेले आहात त्यांनाही प्रतिबंधाच्या गोळ्या मिळतात. पहिल्यांदा सासूबाईंच्या छातीचा फोटो काढायचा आहे. त्या तयार नाहीत. खोकला तंबाखूचा आहे म्हणतात.

कळावे.

एक करजगीकर