रात्रपाळी

गिरगावात त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे ‘रात्रपाळी’च म्हणतात. शेवटची लोकल गेली की हा कॅमेरा घेऊन चाळीचा जिना उतरतो. आपण कोणाला दिसता कामा नये म्हणून अंगात काळा शर्ट. पायांत आईने घेऊन दिलेल्या करकरत्या चपला, त्यामुळे कुत्र्यांना दोन गल्ल्या आधीच वर्दी मिळते.

दैवत एकच : फोटोग्राफर ब्रासाय. त्याने पॅरिसच्या रात्री टिपल्या, ‘पॅरिस द न्वी’ हे पुस्तक काढलं, आणि एक्स्पोजरचा वेळ तो सिगारेट ओढून मोजायचा, हे रात्रपाळी गस्तीच्या हवालदारालाही ऐकवतो. घरात आई असल्यामुळे याला सिगारेट परवडत नाही, म्हणून हा कटिंगवर मोजतो. कॅमेरा डिजिटल, मोजायची गरजच नाही. पण परंपरा मोडवत नाही. पहाटेपर्यंत इतका चहा होतो की हात थरथरतात आणि फोटो हलतात. त्याला तो ‘मूड’ म्हणतो.

२०१५मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तेव्हा याने दाढी करणं सोडलं. पुढे पिवळसर दिवे परत आले, दाढी राहिली.

त्याला हवी असतात बेसावध माणसं. ती मुंबईत नाहीत. भुलेश्वरात हातगाडीवर घोरणारा हमाल कॅमेरा रोखताच उठून भांग पाडतो. (तो भांग फोटोत अप्रतिम आलाय, हे मान्य करायला हवं.) एटीएमचा वॉचमन विचारतो, “मागे पांढरी चादर धरू का? आधारला चालेल.” दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या ढिगाआडून मावशी खेकसते, “ए फोटो, सरक, गिऱ्हाईक आलंय!”

जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळेना, तेव्हा यंदा चाळीच्या चौकातच दोरीवर चिमटे लावून त्याने प्रदर्शन भरवलं. सगळे फोटो कृष्णधवल. भुर्जीवाला बराच वेळ स्वतःसमोर उभा राहून म्हणाला, “टोमॅटो कुठला, कांदा कुठला, काय कळत नाय. असल्यानं धंदा कसा होणार?”

मानाच्या जागी तळमजल्यावरच्या आजी होत्या : रात्री दोनला, उंबऱ्यावर, एकट्या. खाली नाव : ‘एकांत’.

आजींनी चष्मा पुसून वाचलं.

“कसला रे एकांत? तू किती वाजता परततोस ते बघायला बसले होते. तुझ्या आईनेच सांगितलंय.”