पद्मिनी स्लो धरत नाही

सासऱ्यांची 1978 सालची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आली, त्याला आता तीन वर्षं होतील. गाडीबरोबर एक अटही आली. "बाबांच्या गाडीत डुप्लिकेट काही बसणार नाही," असं हिनं पहिल्याच दिवशी बजावलं. मी तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर बसत होतो.

पत्रा झाला, रंग झाला, बाकासारखी लांब पुढची सीट नव्यानं शिवून झाली. राहिला सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर. पळताना गाडी गुणी. सिग्नलला थांबवली की बंद. मिस्त्रींनी बॉनेटमध्ये डोकं घालून निदान केलं. "स्लो धरत नाही साहेब. एअर घेतेय. स्पिंडल गेला."

कार्बोरेटरच्या तळाशी एक पितळी चकती असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते आणि ज्या दांडीवर ती फिरते तो स्पिंडल. चाळीस-पंचेचाळीस वर्षं दांडी फिरली की तिची भोकं लांबट होतात आणि तिथून आगंतुक हवा आत शिरते. आमटीत कुणीतरी गुपचूप पाणी ओतत राहावं तसं. मिस्त्रींनी स्पिंडल धरून हलवला. पहिलीतल्या पोराच्या दुधाच्या दातासारखा तो हलला. मग त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर यादी लिहून दिली : स्पिंडल, मेन जेट, पंपाचा डायफ्राम, निडल. खाली दोन रेघा मारून : सोलेक्सचंच.

पुण्यातल्या नाना पेठेत गेलो. "ओरिजिनल पाहिजे," म्हटल्यावर दुकानदारानं विचारलं, "कुठलं ओरिजिनल?" त्याच्याकडे ओरिजिनल, कंपनी ओरिजिनल आणि एकदम ओरिजिनल असे तीन प्रकार होते. तिसरा सध्या शिल्लक नव्हता. त्यानं दुसऱ्या प्रकारातला एक डबा समोर ठेवला. डब्यावर चकचकीत स्टिकर होता आणि 'सोलेक्स'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एल दोन होते. मी ते दाखवलं. "एक जास्तीच दिलाय की," तो म्हणाला, "त्याचे पैसे कुठं लावले?"

रविवारी जुना बाजार. (बुधवारीही भरतो, पण बुधवारी मी घरी काय कारण सांगणार?) ताडपत्रीवर गंजकी कुलपं, बिनकाट्यांची घड्याळं, एका पायातला रोलर स्केट, आणि कोपऱ्यात जेटांचा ढीग. जेटवर आकडा कोरलेला असतो. 125 म्हणजे भोक सव्वा मिलिमीटरचं. उकिडवा बसून, चष्मा कपाळावर चढवून मी तासभर आकडे वाचले. पाय बधिर झाले तेव्हा हवा तो आकडा सापडला! घरी आल्यावर मिस्त्रींनी जेट उजेडाकडे धरला. आधीच्या कुणा मिस्त्रीनं तो तारेनं कोरून कोरून साफ केला होता. "आकडा कंपनीचा आहे," मिस्त्री म्हणाले, "भोक मात्र याच्या मनाचं."

मग ठरवलं, पद्मिनीच्या माहेरीच जावं. शेठ वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. फियाट तिथेच बनायची, आणि 1974 च्या सुमारास तिचं पद्मिनी झालं. दादरला गाडी बदलून मोठ्या भक्तिभावानं कुर्ल्याला उतरलो. कारखान्याच्या जागी कोहिनूर सिटी उभी आहे. टॉवरखालच्या वॉचमननं वही पुढे केली. "किसके यहाँ जाना है?" त्या रकान्यात कार्बोरेटर लिहिणं मला जमलं नाही.

तिथून जवळच्या एका भंगारवाल्याकडे मात्र पोत्यात तीन कार्बोरेटर निघाले. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. हे तिच्याच भावंडांचे अवशेष असावेत. मी अधीरतेनं एकेक स्पिंडल हलवून पाहिला. तिन्ही माझ्यापेक्षा ढिले! तक्रार केली तर भंगारवाला दुखावला. "ओरिजिनल है साब, तभी तो घिसा है. डुप्लिकेट होता तो कब का टूट जाता." या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो आणि त्यातला एक विकत घेतला. का, ते विचारू नका. हिनं विचारलंच.

शेवटी मिस्त्री म्हणाले, "कोल्हापूरला चला. उद्यमनगरात माझ्या ओळखीचा टर्नर आहे. गाडीच घेऊन जाऊ."

स्लो न धरणारी गाडी पुण्याहून कोल्हापूरला न्यायची म्हणजे तिला थांबू द्यायचं नाही, आणि वाटेत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके. उजव्या पायाची टाच ब्रेकवर, चवडा अ‍ॅक्सिलरेटरवर, डावा पाय क्लचवर. असा मी प्रत्येक नाक्यावर जागच्या जागी डरकाळ्या फोडत उभा. आनेवाडीचा पोरगा म्हणाला, "काका, उघडतोय, उघडतोय, रागावू नका." त्याआधी खंबाटकीच्या चढावर पेट्रोल पंप तापून गाडी रुसली होती. मिस्त्रींनी पंपावर ओला पंचा गुंडाळला. पंचा माझा होता. तो मी अंघोळीसाठी आणला होता. वीस मिनिटांत गाडी सुरू झाली. माझी अंघोळ मात्र राहिली.

उद्यमनगरातल्या टर्नरमामांनी कार्बोरेटर तळहातावर घेऊन पेरू बघावा तसा फिरवला. मी दोन शहरांची कहाणी सांगू लागलो. त्यांनी ती अर्ध्यावर तोडली. "ह्यो आता कुठं घावायचा न्हाई ओ. कशाला हिंडताय? बुश मारूया, स्पिंडल नवा करूया." व्हर्नियर लावला, भोकं मोठी करून त्यात गनमेटलचे बुश ठोकले, आणि लेथवर पोलादी सळईचा स्पिंडल उतरवला. मधे एकदा चहा झाला. दोन तासांनी पद्मिनी उद्यमनगरच्या रस्त्यावर बिनपायाची, म्हणजे माझ्या पायाशिवाय, धुगधुगत उभी होती. मिस्त्रींनी बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवला. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही.

"सहाशे द्या," टर्नरमामा म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "कंपनीच्याच मालाचा लई नाद दिसतोय. अजून एक स्पिंडल जादा करून देतो, ठेवा घरात. अक्षरांचे पंच हाईत माझ्याकडं. नाव मारू काय? पन्नास जास्त."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. "मिळाला का ओरिजिनल?" हिनं विचारलं.

"मिळाला," मी म्हणालो, आणि फोनवर हात ठेवून टर्नरमामांना सांगितलं, "एल एकच मारा."