तिसऱ्या पायरीवर घुसखोरी

कुणाला सांगू नका, पण आमच्या देवराज मोहल्ल्यात चांगले कर्तेसवरते पुरुष बाहुल्यांशी खेळायला लागलेत. एक-दोन नव्हे, माझ्या मोजणीत चार. एक बँकेतून निवृत्त झालेले वरच्या मजल्यावरचे काका, एक दातांचे डॉक्टर, एक नणंदेचे यजमान, आणि चौथ्यांचं नाव मी घेत नाही, कारण ते मला उखाण्यातच घ्यावं लागेल.

त्यांच्यासमोर 'बाहुली' म्हणायची मात्र सोय नाही. मी एकदा म्हटलं, तर आमच्या ह्यांनी चष्म्यावर चढवलेलं भिंग वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरले. "फिगर म्हणतात त्याला. चोपन्न मिलिमीटर." म्हणजे काय, तर खऱ्या माणसाचा साधारण बत्तिसावा हिस्सा. ह्या मंडळींचं बोलणंच हल्ली अपूर्णांकात चालतं. एकास पस्तीसला पावणेसहा फुटी जवान 5 सेंटिमीटरचा होतो, एकास बहात्तरला जेमतेम अडीच. संध्याकाळी चौघं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसले, की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, घरात जमिनीच्या वाटण्या चालल्यात.

ह्यात एवढा गहजब कशाचा, असं पुण्या-मुंबईकडे वाटेल. तर ऐका. म्हैसुरात नवरात्र म्हणजे गोंबे हब्ब, बाहुल्यांचा सण. घरोघरी विषम संख्येच्या पायऱ्या मांडायच्या, कलश ठेवायचा, आणि मानाच्या जागी 'पट्टद गोंबे', रक्तचंदनाची राजाराणीची जोडी. ही जोडी लग्नात मुलीला माहेरून मिळते. माझं माहेर तासगाव. आमच्याकडून भांडी आली, कपाट आलं. राजाराणी कुठून येणार? शेवटी सासूबाईंनी स्वतःची जोडी माझ्या हवाली केली, आणि बावीस वर्षं झाली, त्याची आठवणही दर नवरात्रात न चुकता करून दिली. ते असो. सांगायचं हे, की ह्या बावीस वर्षांत ह्या गृहस्थांनी माळ्यावरून बाहुल्यांची एक पेटी खाली उतरवून दिलेली नाही. "बायकांची भातुकली" म्हणायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे. तेच गृहस्थ परवाच्या भाद्रपदात सासूबाईंपुढे उभे. आवाज अगदी मऊ. "आई, तिसरी पायरी रिकामी मिळेल का?"

"कशाला रे?"

"अकरा स्वार आहेत."

"म्हणजे बाहुल्या ठेवायच्यात तुला?"

इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "हो." मी कोठीच्या दाराआड होते.

आता हा उद्योग चालतो कसा ते सांगते, कारण अर्धी मजा तिथेच आहे. खोकं उघडलं की आत प्लास्टिकच्या चौकटीला हात, पाय, धडं, डोकी लटकलेली असतात. निपरने एकेक अवयव कातरायचा. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ उमटलेली असते, शिपायाच्या कानापासून थेट घोट्यापर्यंत. ती पात्याने खरवडायची. ती राहिली, तर म्हणे पुढची सगळी मेहनत पाण्यात. दातांचे डॉक्टर ह्या कामाला आपली हत्यारं घेऊन येतात, आणि ज्या आकड्याने परवा कुणाची तरी दाढ कोरली असेल, त्याने सैनिकाची काख साफ करतात. धुऊन आणतात असं सांगतात. मग मोटारीच्या रंगाच्या दुकानातून आणलेला राखाडी प्रायमर. तो बाल्कनीत मारला, म्हणून आमची तुळस आठवडाभर राखाडी होती. मग मूळ रंग, मग पाण्यासारखा पातळ गडद रंग, जो आपोआप घड्यांमध्ये उतरतो, आणि शेवटी घड्यांच्या कडांवर फिकी रेघ. शिपायाच्या कोपराजवळ कापडाला चुणी कशी पडते, ह्यावर दोन-दोन तास चर्चा होते. माझी साडी गेल्या बावीस वर्षांत कधी चुरगळली होती का, विचारून बघा.

सगळ्यात भयंकर प्रकार डोळ्यांचा. आधी खोबणीत काळसर रेघ, तिच्यात पांढरी रेघ, आणि पांढऱ्यात बुबुळ. बुबुळ म्हणजे नुसतं टोक टेकवायचं. त्या वेळी श्वास रोखून धरतात, आणि घरादारानेही रोखायचा. कुकरच्या शिट्टीला बंदी आहे. तरी एकदा शिट्टी झालीच, आणि एक स्वार तिरळा झाला. चांगला भाला रोखून दौडत निघालेला गडी, नजर मात्र पलीकडच्या पायरीवरच्या भाजीवालीवर.

ब्रशाचं प्रकरण तर सोवळ्यापर्यंत गेलं. ह्यांना साधा ब्रश चालत नाही. लहानपणी आपण सगळे कॅमलच्या ब्रशांवर वाढलो. तो 1931 साली दांडेकरांनी काढलेल्या कॅमलिनचा ब्रश आता ह्यांना झाडू वाटतो. ह्यांना पाहिजे विन्सर अँड न्यूटनची सातवी मालिका. 1866 साली व्हिक्टोरिया राणीच्या हुकमावरून ज्यांची घडण सुरू झाली म्हणतात, ते ब्रश. केस सायबेरियातल्या विजलाच्या, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या, शेपटीचे. हे सासूबाईंना कळलं. "कुणाच्या शेपटीचे?" त्यांनी तीनदा विचारलं. मला वेगळीच धास्ती. मुंगसाच्या केसांचे ब्रश बाळगणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हटलं, ह्या वयात चोपन्न मिलिमीटरसाठी पोलीस नकोत. मुंगूस नाही, ह्याची खात्री झाल्यावर ब्रशांना जागा मिळाली, पण देवघराच्या भिंतीला लागून नाही.

आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे धूळ. आमच्या ह्यांनी धूळ विकत घेतली. परदेशातून, टपालाने, बाटलीतून. बाटलीवर नाव होतं 'उत्तर आफ्रिकेची धूळ'. शिपायाच्या बुटांना आणि घोड्याच्या खुरांना फासायची, म्हणजे तो लढून आल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, अहो, आपण राहतो कुठे? बाहेर सय्याजीराव रोड आहे, बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाचा, आपल्याच माणसाचा. दसऱ्याला त्याच रस्त्याने हत्ती चालतात. खिडकीच्या गजावरून बोट फिरवा, बत्तीस शिपायांना पुरेल. आणि रंगच पाहिजे तर चार पावलांवर देवराज मार्केटात कुंकवाचे, हळदीचे, निळ्या-हिरव्या पुडीचे शंकूच्या शंकू लागलेले असतात. त्यावर उत्तर मिळालं, "तो दाणा जाड असतो." दाणा! ज्या माणसाला रवा बारीक की जाड हे आजवर कळलेलं नाही, तो धुळीचा दाणा पारखतो.

वाद तर विचारू नका. ते अकरा स्वार म्हणजे म्हैसूर लान्सर्स. 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफा शहर घेतलं ते जोधपूर आणि म्हैसूरच्या भालेवाल्या घोडदळांनी. म्हैसूरची एक तुकडी कार्मेल डोंगरावरच्या तोफांवर चालून गेली. दिल्लीच्या तीन मूर्तींतली एक मूर्ती आपल्या म्हैसूरची आहे, हे मलासुद्धा ह्या प्रकरणात पहिल्यांदाच कळलं. इथपर्यंत सगळं अभिमानाचं. पण गणवेश खाकी, आणि खाकी म्हणजे कोणती खाकी? 'खाक' म्हणजे धूळ, म्हणजे पुन्हा आली धूळ. नवी कोरी खाकी, का पॅलेस्टाईनच्या उन्हात विटलेली? बँकेतले काका म्हणतात हिरवट, नणंदेचे यजमान म्हणतात पिवळट. दिवाळसणाला दोघं एका पंगतीला बसले नाहीत. काका आता राजवाड्यात जाऊन बसतात. कल्याणमंटपात जंबूसवारीची, म्हणजे दसऱ्याच्या हत्तींच्या मिरवणुकीची, सव्वीस चित्रं आहेत, खऱ्या मिरवणुकांच्या फोटोंवरून काढलेली, त्यात स्वारांचे फेटे आणि पट्टे टिपत असतात. त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात, लग्नाच्या अल्बममध्ये मी कोणती साडी नेसले होते, ते सांगा म्हणावं.

माझ्या घरात मात्र भांडण फेट्यावरून नाही, घराण्यावरून झालं. आमच्या ह्यांनी चौथ्या पायरीवर डोळा ठेवून टिपूचं पायदळ काढलं. त्यांच्या अंगरख्यांवर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी असते, 'बबरी'. पाच सेंटिमीटरच्या माणसावर ते पट्टे काढायचे म्हणजे तपश्चर्या, हे मी कबूल करते. त्यासाठी श्रीरंगपट्टणला दर्या दौलत बागेत दोन खेपा झाल्या; तिथे भिंतीवर 1780 ची पोल्लिलूरची लढाई रंगवलेली आहे आणि ओळीच्या ओळी सैन्य उभं आहे. आता मी तासगावची. आमच्या गणपतीचं ते सात मजली गोपूर बांधलं परशुरामभाऊ पटवर्धनांनी, आणि त्याच परशुरामभाऊंनी हरिपंत फडक्यांबरोबर 1792 साली ह्याच टिपूला ह्याच श्रीरंगपट्टणला घेरलं होतं. मी म्हटलं, टिपू ठेवायचा तर वरच्या पायरीवर पटवर्धनांचं घोडदळ पाहिजे. ह्यांनी भिंग न काढता विचारलं, "आणि 1791 ला शृंगेरीचा मठ लुटला तो कुणाच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी? मग मठाला पैसे कुणी पाठवले?" सासूबाई शृंगेरीच्या शिष्या. मी मुकाट्याने पोहे परतायला घेतले.

हा खेळ पोरकट नाही, ह्याचे ह्यांच्याकडे पुरावे तयार असतात. राजवाड्यात शिरल्यावर पहिलं काय लागतं? गोंबे तोट्टी, बाहुल्यांचाच चौक. इजिप्तमध्ये मेसेहतीच्या थडग्यात चार हजार वर्षांपूर्वी 40 भालेवाले आणि 40 न्युबियन तिरंदाज लाकडाचे करून, रंगवून ठेवले होते. चर्चिलकडे लहानपणी दीड हजारांच्या आसपास शिपाई होते, ते पाहूनच बापाने त्याला लष्करात घालायचं ठरवलं. मी म्हणते, चांगल्या गोष्टी बरोबर पाठ आहेत. मग सिबोर्नचं का सांगत नाही? विल्यम सिबोर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूची लढाई टेबलावर मांडायला घेतली. 1838 साली लंडनमध्ये ती लोकांपुढे आली तेव्हा तिच्यावर सुमारे पंचाहत्तर हजार इवलेसे शिपाई होते. बिचारा कर्जात बुडाला, आणि प्रशियाचं सैन्य नेमकं किती वाजता कुठवर आलं होतं ह्यावरून प्रत्यक्ष वेलिंग्टनचा रोष ओढवून घेतला. पंचाहत्तर हजार! आमच्याकडे आत्ता कुठे चौतीस झालेत, आणि दिवाणखान्यातलं एक कपाट गेलंय.

पण मला खरा राग आला तो हत्तीवरून. आमच्या पायऱ्यांवर जंबूसवारीचा एक मातीचा जुना संच आहे. त्यातला बँडवाला हत्तीच्या गुडघ्यापर्यंत, छत्रधारी हत्तीच्या कानापर्यंत, आणि अंबारीतली देवी हत्तीच्या डोक्यापेक्षा मोठी. पन्नास वर्षं कुणाला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. ह्यांनी पट्टी लावली. म्हणे, हत्ती एकास वीस, बँडवाला एकास चाळीस, एका पायरीवर चालणार नाही. नवा हत्ती रंगवायचं ठरलं, तर तो अर्जुन करायचा की अभिमन्यू? अर्जुनाने 2019 पर्यंत आठ वेळा अंबारी वाहिली, 2020 पासून अभिमन्यू वाहतो. अर्जुन 2023 मध्ये गेला, म्हणून डॉक्टर हट्टाने त्याच्या बाजूचे. सुळ्यांच्या वळणावर बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, तेव्हा मात्र हसले नाही.

तरी पट्टीचं काही मला पटलेलं नाही. तासगावात दिवाळीला आम्ही किल्ला करायचो. विटा, पोती, लाल माती, वर अळीव पेरायचं. कुंभाराकडून मातीची चित्रं आणायची. किल्ल्यावरचे महाराज बुरुजाहून उंच, मावळा गडाच्या दरवाजात मावायचा नाही म्हणून दाराशेजारी उभा, आणि पायथ्याच्या गुहेतला वाघ निम्म्या डोंगराएवढा. आमच्यापैकी एकाही पोराने त्याला मापात बसवायला घेतलं नाही. महाराज मोठेच असायचे. देवी हत्तीहून मोठीच असायची. हे मी बोलून दाखवलं, तर हे म्हणाले, "तो निराळा प्रकार." आणि खाली वाकून एका रिकिबीला चांदी लावायला लागले.

शेवटी स्वार तिसऱ्या पायरीवर चढले. संध्याकाळी बायका बाहुल्या बघायला आल्या, की चौघंही बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचे, पण कान आत. कुणी "अय्यो, किती छान" म्हटलं की पेपर खाली. मग धूळ कुठून आली, ते सांगायला स्वतः उठून आत.

आयुधपूजेला मात्र घात झाला. त्या दिवशी सासूबाई हळदी-कुंकवाचं तबक घेऊन सगळ्या घरभर फिरतात. सुरी, अडकित्ता, मिक्सर, शिवणयंत्र, संगणक, दारातली स्कूटर, सगळ्यांना कुंकू, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू. फिरत फिरत तिसऱ्या पायरीपाशी आल्या. भाला म्हणजे आयुध. घोडा म्हणजे वाहन. त्यांनी तर्जनी कुंकवात बुडवली, आणि पुढच्या घोड्याच्या कपाळावर, चाळीस तास खपून रंगवलेल्या त्या पांढऱ्या चांदव्यावर, भक्तिभावाने टेकवली. घोड्याचं तोंड दोन्ही डोळ्यांसकट लाल झालं. कुंकू देवराज मार्केटचं, दाणा जाड.

हे काही बोलले नाहीत. आईला काय बोलणार? रात्री अकराला पाणी प्यायला उठले, तर जेवणाच्या टेबलावर दिवा. घोडा चिमट्यात धरलेला, भिंग डोळ्यांवर, हातात राणीचा ब्रश, बाजूला कागदावर आकडेमोड: सहा मिलिमीटरचं कुंकू गुणिले बत्तीस, म्हणजे खऱ्या घोड्याच्या कपाळावर एकोणीस सेंटिमीटर. ताटलीएवढं. चाहूल लागून सासूबाईही माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. घटकाभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "सणासुदीचं कुंकू पुसतोस रे?"

"पुसत नाही, आई," मान वर न करता हे म्हणाले. "स्केलमध्ये आणतोय."