क्लचशी संसार

शेफील्ड, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.,

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आई, फोनवर ‘गाडीत एकटी नसतेस ना’ म्हणून तीनतीनदा विचारलंस. नसते गं. शेजारी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरीणबाई असतात, त्यांच्या पायाशी वेगळा क्लच-ब्रेकही असतो. मेतकूट पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता, तो तुझ्या नातवाने चमच्याने खाल्ला.

‘इतकी वर्षं पुण्यात चालवली, आता शिकायचं काय?’ असं नाना म्हणाले म्हणे. त्यांना सांग, इथे राहायला आल्यापासून आपलं लायसन्स बाराच महिने चालतं. मग शिकाऊ लायसन्स, लेखी परीक्षा आणि चाळीसेक मिनिटं रस्त्यावरची परीक्षा. तिची फी ६२ पौंड, म्हणजे सात हजारांच्या घरात! शनिवार-रविवारी ७५. नापास झालं की पुन्हा भरा. बारीक चुका १५पर्यंत माफ, गंभीर एक झाली तरी घरी. ऑटोमॅटिकवर पास व्हावं, तर मॅन्युअलसाठी परत परीक्षा. आणि तुमच्या जावईबापूंनी स्वस्तात घेतलेली गाडी मॅन्युअल!

त्यात हे गाव म्हणजे नुसते चढ-उतार. बाई म्हणतात, गिअर हाताने नाही, डाव्या पायाने बदलतो. क्लच पूर्ण दाबायचा, दांडा आवळायचा नाही, तळव्याने ढकलायचा. क्लच सोडताना मध्येच इंजिनाचा आवाज दबतो, बॉनेट किंचित उचललं जातं. तिथे पाय क्षणभर थांबवायचा, नाहीतर गचका. बाबा, तुमचं ‘पाय झटकन काढ’ इथे बाद!

सुमीचं लग्न ठरलं हे फोन ठेवताना सांगतात का? मुलगा काय करतो, मावशी अजून रुसलीय का, सगळं लिहा. साखरपुड्याच्या फोटोत मागे आपली वॅगनआर दिसली आणि उगाचच डोळे भरले. मागे आम्ही कोंबलेले, आईच्या मांडीवर पोळ्यांचा डबा, आणि खंबाटकीच्या उतारावर न्यूट्रल करून बाबा म्हणतायत, ‘बघा, फुकट चाललोय!’

फुकट नाही हो बाबा. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की उतारावर पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर. इंजेक्शन नसलेल्या जुन्या मारुतीत चाललं ते चाललं. लग्नाला सातारला जाताना घाट गिअरमध्येच उतरा. आई, दांड्यावर लक्ष ठेव.

तुमची,
मनू