अंकाची एक प्रत नक्की पाठवू

'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला, तेव्हापासून मराठी लेखकाची दिवाळी आषाढातच सुरू होते. फोन येतो. "सर, तुमच्याशिवाय अंकाला शोभा नाही. दीड हजार शब्द, पंधरा तारखेपर्यंत." मानधनाचा विषय लेखकानेच भीतभीत काढायचा. मग पलीकडे क्षणभर शांतता, आणि दुखावलेल्या सुरात, "सर, आपली चळवळ आहे ही!"

चळवळ खरीच. फक्त कागदवाला तिच्यात नाही. त्याला रोख लागते. छापखाना आगाऊ रक्कम घेतो. बाइंडर पैसे मोजल्याशिवाय गठ्ठे सोडत नाही. मलपृष्ठावर झळकणाऱ्या सराफाला जाहिरातीचे दरपत्रक वेळेत पोचलेले असते. साहित्यसेवा करायची ती मजकूर लिहिणाऱ्याने आणि रेखाटने काढणाऱ्या पोराने. (वेळेवर पैसे देणारे संपादकही आहेत. त्यांची नावे लेखक एकमेकांना चांगल्या हाडवैद्यासारखी कानात सांगतात.)

१९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाला त्याच्या लेखनाचा पहिला मालक मानतो. आता मालकानेच मजुरी मागायची, हे बरे दिसते का?

कविसंमेलनात निदान हातात काही पडते. मांडववाला, माइकवाला, केटरर यांची बिले भागवून झाली की कवीला शाल आणि नारळ. रिक्षाचे भाडे त्याचे त्याने बघायचे. नारळवाल्याचे पैसे मात्र सकाळीच चुकते झालेले असतात.