मनीचं म्हणणं

काही माणसांना स्वतःचं मत स्वतःच्या तोंडानं सांगायचा संकोच असतो. कुणी ते देवावर घालतं, कुणी डॉक्टरांवर. काकांनी त्यासाठी मांजर पाळलंय. असा काका साताऱ्याच्या प्रत्येक पेठेत एकतरी निघतोच: सरकारी नोकरीतून निवृत्त, संध्याकाळी राजवाड्यापर्यंत एक चक्कर, आणि पोवई नाक्यापलीकडे जग असलं तरी तिथं मुक्कामाला जायचं नसतं अशी ठाम समजूत.

मुलानं सांगलीला विश्रामबागेत फ्लॅट घेतला आणि म्हणाला, "बाबा, आता इकडंच या." काका लगेच तयार. हरकत घेतली ती मनीनं.

"माझं काय, मी कुठंही राहीन. पण मनीला सांगलीचा उकाडा सोसायचा नाही. शिवाय तिला कासच्या पाण्याची सवय."

"अहो, ती कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी पिते," काकू म्हणाल्या.

"ते पण कासचंच!"

शेजारच्यांनी सुचवलं, मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही. राहू दे इथंच, आम्ही घालू दूध. त्यानंतर काका त्यांच्याशी थेट बोललेच नाहीत. मनीला वाईट वाटलं होतं म्हणे.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं: निघण्याआधी चार तास खायला नको, गाडीत मोकळं सोडायचं नाही, वरून कापड टाकायचं, आत ओळखीच्या वासाचं काहीतरी ठेवायचं. दुकानातल्या पिंजऱ्याची किंमत ऐकून मनीनं तो नाकारला. मग भाजीवाल्याकडून दोन प्लॅस्टिकची क्रेटं आणली, एकावर एक पालथं घालून सुतळीनं अशी आवळली की सुटताना विळीच लागावी. आत काकांचा जुना बनियन. तो मुद्दाम न धुता द्यायचा होता; त्या खात्यात काकांकडे कधीच टंचाई नसते.

सामानाचा टेंपो पुढं गेला. त्यात काकूंच्या लग्नातलं आरशाचं कपाट होतं, त्याची चौकशी कुणी केली नाही. क्रेट मागच्या सीटवर, पट्टा लावून; शेजारी काका, बिनपट्ट्याचे.

शेंद्र्याच्या पुढं सहापदरीकरणाचे वळणरस्ते लागले. मनीनं दारातून जो सूर लावला तो नागठाणं आलं तरी उतरवला नव्हता. काकांचं भाषांतर चालूच. "हळू घे म्हणतेय." मुलानं वेग कमी केला. "एसी सोसत नाही म्हणतेय." एसी बंद झाला. "त्या ट्रकच्या मागं नको म्हणतेय." उंब्रजच्या अलीकडं मनीला उलटी झाली. पोट रिकामं, त्यामुळं नुसता पांढरा फेस. जन्मात स्वतःची चहाची कपबशी न विसळलेल्या माणसानं तो आपल्या इस्त्रीच्या रुमालानं टिपला. काकूंनी हे आरशातून पाहिलं आणि बत्तीस वर्षांच्या संसारातलं काहीतरी मनातल्या मनात खाती लिहिलं.

तासवड्याचा टोलनाका गेला आणि मनी गप्प झाली. आता काकांचा जीव खालीवर. "ओरडत का नाही? घुसमटली काय?" कापड उचललं, तर अंधारातून दोन डोळे असे रोखून बघत होते की काकांनी निमूटपणे कापड खाली सोडलं. कराडनंतर दोघंही झोपले. पेठ नाक्याला गाडी डावीकडं वळली, आष्टा मागं पडलं, तरी मागच्या सीटवरून एकही सूचना आली नाही.

नव्या घरात मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायचं असतं. काकांनी स्वतःलाही त्याच खोलीत ठेवून घेतलं. जेवणाचं ताट तिथंच, पेपर तिथंच. मनीनं पहिल्या दिवशी पलंगाखाली तळ ठोकला. मग कपाटाच्या कोपऱ्याला, दाराच्या चौकटीला गाल घासून सातबारा आपल्या नावावर करून घेतला. दार उघडल्यावर आठवडाभरात तिचं समोरच्या बिऱ्हाडात जाणं-येणं सुरू झालं. तिथं रविवारी मासे असतात. तिथं तिला चिंगी म्हणतात, आणि ती ओ देते.

काकांची मात्र पंचाईत झाली. उकाड्याची तक्रार करायची तर मनी थंड फरशीवर चारी पाय पसरून घोरतेय. पाणी मानवत नाही म्हणावं तर वजन वाढलंय.

मग पावसाळा आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर धोका, हे काकांना कळलं आणि चेहऱ्यावर तजेला आला. आता रोज सकाळी साताऱ्याच्या मित्राला फोन असतो.

"आज अठ्ठावीस. तशी काळजी नाही. पण मनी म्हणतेय, चाळीस व्हायची वाट कशाला बघायची? खोली झाडून ठेव."

मनी तेव्हा समोरच्यांच्या ओट्याखाली बसलेली असते. रविवार असतो.